माथा सव्वा तासावर असताना मला परत फिरवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, तेव्हा थंडीने माझी बोबडी वळली होती ना, म्हणून हे असं उघड पत्र. डिसेंबरात वाटेच्या कडेला खडकावर घामाने भिजलेल्या कॉटनच्या टीशर्टात बसून सॅकची चेन उघडायला झटत होता तो मी. चेन अडकलेली नव्हतीच, माझी बोटंच ऐकत नव्हती आणि हे मला कळतही नव्हतं, तुम्ही बघताक्षणी ओळखलंत.

तुम्ही पहिलं विचारलंत, "निघताना थंडी वाजत होती का?" मी म्हटलं छे, मस्त उबदार वाटत होतं, सगळं घालूनच निघालो होतो. "मग तिथंच चुकलं." तेव्हा जाम राग आला होता खरं सांगतो, पण आता कळतंय, चढाला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं, म्हणून निघताना थोडं काकडतच निघायचं आणि थांबलं की आधी जॅकेट चढवायचं, मी नेमकं उलटं केलं. कॉटन घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं, लोकर भिजली तरी थोडीफार ऊब देते. तो टीशर्ट काढायला लावून तुमचा जादाचा थर्मल दिलात, वर माझंच फ्लीस, त्यावर विंडचीटर, आणि बसायला फोमचा तुकडा, कारण गार दगडही अंग गारठवतो म्हणे. हे कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं!

मग तो हिशोब. ताशी 5 किमी आणि दर 600 मीटर चढाला एक तास वेगळा, हा नियम 1892 सालचा, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही बोटांवर मोजलंत, अजून 4 किमी, 300 मीटर चढ, म्हणजे सव्वा तास, तेही धडधाकट माणसाला. पावणेदोन वाजले होते. वर पोचेपर्यंत तीन, मग उतरताना अंधार, आणि हेडटॉर्च दोघांत एकच. मी तरी हुज्जत घातली, "एवढं आलोय तर..." वगैरे. तुम्ही काही बोलला नाहीत, सॅक उचललीत आणि उतरायला लागलात. मग काय, आलो मागनं.

माझा फोन 40 टक्के दाखवत असताना बंद पडला होता, तो तुम्ही आतल्या खिशात ठेवायला लावलात आणि खाली आल्यावर चक्क चालू झाला. थंडीत बॅटरी अशी दगा देते हे आता पक्कं डोक्यात बसलंय. बाटली उलटी ठेवायची तुमची युक्तीही, बर्फ वरून धरतो म्हणजे झाकणाशी पाणीच राहतं, परवा कडाक्याच्या थंडीत वापरली, सोबतचे सगळे गोठलेली झाकणं पिळत बसले आणि मी आरामात पाणी पीत होतो. जरा भावही खाल्ला.

यंदा तीन ट्रेक झाले. दोनदा माथा गाठला, एकदा वारा बघून स्वतःहून परत फिरलो, तेव्हा कुणाला सांगावंसं वाटलं तर तुम्हालाच.

तुमचे करडे लोकरीचे हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत. धुतलेत, उजव्याचा अंगठा उसवला होता तोही शिवलाय, टाके जरा वाकडे आलेत.