खेळातल्या गोष्टीचं बक्षीस कोणी द्यायचं?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या सुट्टीतल्या खेळांवर लेख आला होता. त्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्या जातीच्या रोलप्लेइंग खेळांची ओळख करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती पाच-सहा जण, एवढ्या भांडवलावर चालणारा हा खेळ मराठी घरांत पोचावा असं मला फार वाटतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांसाठी मी तो मराठीतून चालवते. म्हणजे जग मी उभं करते आणि त्यातली एकेक व्यक्तिरेखा एकेक मूल निभावतं. माझ्या या भूमिकेला मुलं 'डीएम', म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात, मला मात्र 'काकू'च म्हणतात.

लेखातल्या एका मुद्द्यावर मात्र लिहिल्यावाचून राहवेना. जे मूल रंगवून गोष्ट सांगेल त्याला या खेळात जास्त गुण द्यावेत, त्यानं वक्तृत्व सुधारतं, असा लेखाचा सूर होता. गोष्ट सांगणाऱ्याला बक्षीस मिळावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते गुणांच्या रूपानं, एकेकट्याला आणि डीएमच्या मर्जीनं मिळू लागलं, की टेबलावरच्या गोष्टीच आटतात.

बक्षीस कशाचं मिळतं यावर खेळाडू कसे वागतात हे ठरतं, ही गोष्ट या खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत पहिली आवृत्ती काढली. त्या काळात तळघरातून वर आणलेल्या सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळायचा. अनुभवाचे हे गुण म्हणजे मुलांच्या भाषेत 'एक्सपी'; ते पुरेसे साठले की व्यक्तिरेखा वरच्या पातळीवर जाते. राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानानं किरकोळ असायचे. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, राक्षसाला चकवायचे आणि खजिना उचलून पसार व्हायचे. पुढच्या आवृत्त्यांत गुणांचा भर शत्रूला हरवण्यावर आला आणि तलवारी आपोआप आधी बाहेर निघू लागल्या. २०१४ च्या पुस्तकात एका गॉब्लिनचे, म्हणजे एका छोट्या राक्षसाचे, ५० एक्सपी छापलेले आहेत. सहा गॉब्लिन लोळवले की ३००, ते सगळ्यांत वाटून घ्यायचे. त्याच सहा जणांशी बोलून वाट मोकळी करून घेतली तर किती द्यायचे, हे बऱ्याच अंशी डीएमवर सोडलेलं आहे. मारण्याचा भाव छापील आणि बोलण्याचा भाव मर्जीवर, हे मुलांना न सांगताही कळतं.

मग डीएमनं चांगल्या अभिनयाला जादा एक्सपी दिले तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. चौथ्या पातळीला २,७०० गुण लागतात, पाचवीला ६,५००. पाचव्या पातळीवर लढवय्याला एका फेरीत दोन वार मिळतात, जादूगाराला आगीचा गोळा फेकता येतो. समजा घरी भरपूर बोलायची सवय असलेला मुलगा दर सेशनला जादा गुण घेत पाचव्या पातळीवर गेला आणि त्याच्या शेजारची मुलगी चौथ्या पातळीवरच राहिली. आता ती बोलण्यात मागे आहेच, पण लढाईतही मागे पडली. पुढच्या वेळी ती आणखी कमी बोलते. बक्षीस दिलं गोष्टीसाठी, आणि एक गोष्ट सांगणारी गमावली.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या भाचीच्या एका शिबिरात शेवटच्या दिवशी उत्कृष्ट भूमिकेचं प्रमाणपत्र ठेवलं होतं. जिंकलेल्या मुलाचं काम खरंच छान होतं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक मूल आपापलं भाषण करत होतं आणि दुसऱ्याचं कोणी ऐकत नव्हतं. एका मुलानं तर आपल्या व्यक्तिरेखेची चार पानी टाइप केलेली बॅकस्टोरी, म्हणजे पूर्वकथा, आणली होती, तीही उघडउघड वडिलांची भाषा. आमच्या भाचीनं 'मी फक्त फासे टाकते' असं सांगून टाकलं. आपल्याकडे मुलांना नाट्यछटा, वक्तृत्व, कथाकथन अशा स्पर्धांची सवय असते आणि त्या स्पर्धांचं मोल मी कमी मानत नाही. पण तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात. या खेळात सगळे मिळून एकच गोष्ट सांगत असतात, म्हणून इथे ऐकणं हे निम्मं सांगणं असतं.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. मुलं नदीकाठी पोचली होती. पलीकडे जायला एक म्हातारा होडीवाला आणि त्याची जुनाट होडी, एवढंच वर्णन मी केलं होतं. लढवय्या झालेल्या मुलानं भाड्यावरून झकास घासाघीस केली, आवाज वगैरे लावून. सगळे हसले. मग नववीतली एक मुलगी, जी एरवी 'मी यांच्याबरोबर जाते' याच्या पलीकडे फारसं बोलत नाही, तिनं विचारलं, "आजोबा, होडीत बसायच्या दोन जागा झिजल्यात. तुमच्याबरोबर दुसरं कोण वल्हवायचं?"

झिजलेल्या जागांबद्दल मी काहीच बोलले नव्हते. त्या तिनं तिथल्या तिथे घडवल्या. मी आजोबांना गप्प केलं, आणि मग त्यांच्या तोंडून सांगितलं की मुलगा वरच्या अंगाला मीठ पोचवायला गेला तो परतला नाही. भाड्याचा विषय तिथेच संपला. मुलांनी ठरलेला रस्ता सोडला आणि ती नदीच्या उगमाकडे निघाली. पुढचं सगळं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी आमची गोष्ट, त्या एका प्रश्नावर चाललं. तिचा आवाज रंगवलेला नव्हता आणि वाक्य साधं होतं. पण त्यामुळे बाकी चौघांना करायला काहीतरी मिळालं. माझ्या लेखी बक्षीस याचं.

ते कसं द्यायचं? २०१४ च्या नियमांत 'इन्स्पिरेशन' नावाची सोय आहे. खेळाडू आपल्या व्यक्तिरेखेच्या स्वभावाला, ध्येयाला किंवा दोषाला जागून वागला की डीएम ते देतो. मग त्या खेळाडूला एकदा वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. एखादी गोष्ट साधायला फाशावर ११ किंवा जास्त हवं असेल तर एरवी शक्यता ५० टक्के, ती ७५ टक्के होते. हे एका वेळी एकच जवळ ठेवता येतं, साठवता येत नाही, त्यामुळे कोणी कायमचा पुढे जात नाही. २०२४ च्या पुस्तकात ते पडलेला फासा परत टाकण्यासाठी वापरायचं असं झालं आहे. पण २०१४ च्या पुस्तकातला एक बारीक नियम बहुतेक टेबलांवर विसरला जातो. आपल्याजवळचं इन्स्पिरेशन खेळाडू स्वतःहून दुसऱ्या खेळाडूला देऊ शकतो. 'प्राइमटाइम अ‍ॅडव्हेंचर्स' या खेळात तर खेळाडूंनीच एकमेकांना 'फॅन मेल' नावाचं बक्षीस द्यायची रीत आहे.

आम्ही तेच चिंचोक्यांवर चालवतो. सेशनच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक चिंचोका. तो स्वतःसाठी वापरता येत नाही, दुसऱ्यालाच द्यायचा, आणि ज्याला मिळाला त्यानं तो फासा पुन्हा टाकायला खर्च करायचा. का दिला ते एका वाक्यात सांगायचं. एक्सपी आम्ही मोजतच नाही. कथेतला मोठा टप्पा पार झाला की सगळे एकदम वरच्या पातळीवर जातात, पुस्तकातही ही मुभा आहे. त्या नदीकाठी पहिला चिंचोका सरकवला तो घासाघीस करणाऱ्या मुलानंच: "तिच्यामुळे मला आता त्या आजोबांकडून पैसे कमी करून घ्यायची लाज वाटतेय." कुठल्याही परीक्षकाला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

चिंचोके न बोलणाऱ्यांकडेही जातात. एक मुलगा सेशनभर मान खाली घालून नकाशा काढतो, त्याच्या नकाशावरून वाद मिटतात. एक मुलगी मागच्या वेळी कोण काय म्हणालं ते तंतोतंत आठवणीत ठेवते. 'अँबर' या १९९१ च्या फासे नसलेल्या खेळात रोजनिशी लिहिणाऱ्याला आणि चित्रं काढणाऱ्याला व्यक्तिरेखेसाठी गुण मिळायचे. तेव्हा गोष्ट सांगणं तोंडानंच होतं असं नाही, हे या छंदातल्या लोकांना फार आधी उमगलं होतं.

चिंचोक्यापेक्षा मोठं बक्षीस मात्र डीएमच्या हातात असतं. मुलानं जे सांगितलं ते जगात खरं करायचं. होडीवाल्याचा मुलगा पुढे मिठाच्या आगरात वेठीला लावलेला सापडला, तेव्हा त्या नववीतल्या मुलीनं विचारलं, "काकू, हे तुमचं आधीपासून ठरलेलं होतं?" मी खरं ते सांगितलं की नव्हतं, तू विचारलंस म्हणून तो आहे. त्यानंतर ती टेबलावर खुर्ची पुढे ओढून बसू लागली.

काही जाणते खेळाडू म्हणतात की गोष्टीला बक्षीसच नको, गोष्टीतला आनंद पुरे. मोठ्यांच्या टेबलावर ते चालतही असेल. मुलांच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्यांना कोणीतरी ऐकलं हे दिसावं लागतं, हातात धरता येईल असं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या पुरवणीत शिबिरांची माहिती येईल तेव्हा या खेळांची शिबिरंही त्यात असतील अशी आशा आहे. आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की उत्कृष्ट कथाकार, उत्कृष्ट भूमिका अशी प्रमाणपत्रं ठेवू नका. पालकांनी नाव नोंदवण्याआधी एवढं जरूर विचारावं की गुण कशाचे देता, कोण देतं, आणि गप्प बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला काय येतं. आणि संपादक महोदय, पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीनं एखाद्या टेबलावर पूर्ण सेशनभर बसावं, नुसतं बघायला नव्हे, एक व्यक्तिरेखा घेऊन.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)