भैरोंसिंग घरी परतले होते

प्रिय संज्या,

परवा फोनवर मागून तुझ्या लेकाचा आवाज आला, "बाबा, भैरोंसिंग खरंच असे मेले?" आणि तू "हो रे बाळा" म्हणालास. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र.

१९९७ साली आपण लोंगेवालाच्या लढाईवरचा 'बॉर्डर' सिनेमा पाहिला. भैरोंसिंग झालेला सुनील शेट्टी सुरुंग घेऊन रणगाड्याकडे धावला आणि मेला, तेव्हा तू माझा दंड असा धरलास की बोटं उमटली. मीही रडलो. त्या रडण्याबद्दल आजही माझी तक्रार नाही.

पण खरे भैरोंसिंग राठोड, सीमा सुरक्षा दलाचे लान्सनायक, त्या रात्रीतून वाचले. त्यांना सेना पदक मिळालं, नोकरी पुरी करून ते जोधपूरकडच्या आपल्या गावी राहिले आणि डिसेंबर २०२२मध्ये वारले. पडद्यावर हुतात्मा झाल्यानंतरही पंचवीस वर्षं हा माणूस गावात जगत होता रे!

राजस्थानच्या सीमेजवळच्या लोंगेवाला चौकीवरची ती रात्र, ४ डिसेंबर १९७१. आपले सुमारे १२० जवान, समोर पाकिस्तानचे चाळीसच्या वर रणगाडे. माघार घ्यायची तर पायीच, गाड्या नव्हत्या. पण तुकडीचे प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरींनी चौकी सोडली नाही. चांदण्यात रणगाडे जवळ आले आणि काटेरी तार दिसताच थबकले. पुढे सुरुंग पेरलेत असं त्यांना वाटलं. तपासणारी माणसं येईस्तोवर जवळजवळ दोन तास गेले, आणि तिथं पेरलेलं काही नव्हतंच! मला वाटतं, सिनेमा या दोन तासांचा व्हायला हवा होता. खंदकातल्या पोरांच्या कानात इंजिनांची घरघर, आणि डोळे पूर्वेकडे, कारण आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं. उजाडताच ती जैसलमेरहून आली आणि वाळूत रुतलेले रणगाडे एकेक करून टिपले.

आपले दोन जवान गेले. सिनेमात किती जातात, आठव. जिवंत राहून चौकी राखली, हे शौर्य पडद्याला का पुरलं नाही?

गेल्या वर्षी मी तिथं गेलो होतो. मांडून ठेवलेल्या रणगाड्याला हात लावला, तर दुपारच्या उन्हात पत्रा पोळत होता. शेजारी एक बाप मुलाला सिनेमातले संवाद म्हणून दाखवत होता. मला काही बोलवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

तू मात्र सांग. आज रात्रीच सांग त्याला, भैरोंसिंग घरी परतले होते.

वहिनींना नमस्कार.

तुझाच