पगार ठरवताना अकुशल, बातमीत कुशल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटन व्यवसायाला माणसं मिळत नसल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर होती. हॉटेलवाले, सहल कंपन्या, विमानतळावरची कंत्राटं घेणारे, सगळ्यांचं रडगाणं एकच. कुशल माणूस मिळत नाही, मिळालाच तर टिकत नाही, आणि हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत. बातमीत सहा जणांची मतं होती आणि सहाही माणसं नोकरी देणारी. सोडून गेलेल्या एकाला तरी विचारायला हवं होतं. मी हॉटेलच्या हाऊसकीपिंगमध्ये, म्हणजे खोल्यांच्या साफसफाईत, २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ नव्या मुलामुलींना तयार करण्यात गेली. म्हणून मीच लिहायला बसले.

'कुशल' हा शब्द बातमीत वारंवार आला आणि मला हसू आलं. माझ्या उभ्या नोकरीत हाऊसकीपिंगच्या मुलीला कुणी कुशल म्हटल्याचं आठवत नाही. पगार ठरवायची वेळ आली की ती अकुशल. त्यात काय, चादरी तर बदलायच्या! तीच मुलगी ऐन हंगामात राजीनामा देऊन गेली आणि मजल्यावरच्या खोल्या अडकल्या, की ती एका रात्रीत कुशल होते. टंचाईचं मूळ मला या दुटप्पीपणात दिसतं.

चेकआऊट झालेली खोली म्हणजे काय काम असतं ते सांगते. दार उघडल्याबरोबर आधी वास घ्यायचा, कारण सिगरेट, ओल किंवा तुंबलेलं गटार पाच मिनिटांनी नाकाला कळेनासं होतं. पडदे उघडायचे. चादर ओढण्याआधी तिच्यावरून हात फिरवायचा. चष्मे, कानातली, औषधाच्या गोळ्या चादरीतच सापडतात आणि एकदा का लिननच्या, म्हणजे धुवायच्या चादरी-टॉवेलांच्या, पोत्यात गेल्या की परत येत नाहीत. पाहुण्याने काय मागे ठेवलं त्याची वेळेसकट नोंद. धूळ वरून खाली पुसायची. बाथरूमचा आरसा पुसून झाला की समोरून नाही, बाजूने तिरकं पाहायचं, तेव्हाच पट्टे दिसतात. जाळीतला केस. गळणारा नळ, मंद पडलेला रिमोट, सैल झालेली कडी मेंटेनन्सला कळवायची. पायाशी चादरीच्या कोपऱ्यांची घडी अशी बसवायची की झोपणाऱ्याने कूस बदलली तरी सुटता कामा नये. हे सगळं अर्ध्या तासात, आणि अशा दिवसाला चौदा-पंधरा खोल्या. नवी मुलगी सुरुवातीला एका खोलीला तास लावते. चार महिन्यांनी ती अर्ध्या तासावर येते, आणि नेमकी तेव्हाच नोकरी सोडते.

सोडताना ती एक फॉर्म भरते. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढंच. मी असे शेकड्याने फॉर्म फाईलला लावले असतील. वरचे साहेब ती फाईल बघून म्हणायचे, घरच्या अडचणी असतात हो, आपण काय करणार. मग मी मुलींना फॉर्म द्यायच्या आधी जवळ बसवून घ्यायला लागले. पगाराचं गाऱ्हाणं असायचंच, पण ते बहुतेकींच्या तोंडी दुसरं-तिसरं यायचं. पहिलं यायचं ते ड्युटी चार्टचं.

ब्रेक शिफ्ट हा शब्द या धंद्याबाहेर फारसा कुणाला माहीत नसेल. सकाळी सात ते अकरा काम, मग सुट्टी, पुन्हा संध्याकाळी सहा ते रात्री दहा-अकरा. कागदावर आठ-नऊ तासच भरतात, त्यामुळे तक्रार कशाची करणार? घर दीड तासावर असेल तर मधल्या वेळात जाऊन येण्यातच तीन तास जातात. मग ते सात तास मागच्या जिन्यावर, लॉकर रूममध्ये. लिनन रूममध्ये धुवायच्या चादरींच्या गाठोड्यांवर रेस्टॉरंटची मुलं झोपलेली मी कितीदा पाहिली आहेत. एकदा एका कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, मी उठवायला गेले तर तो दचकून आधी टाय सावरू लागला. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते त्याचे. बरं, हा चार्ट लागायचा शनिवारी रात्री, सोमवारपासूनचा. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी एक ऑफ मागितलेली, तीन आठवडे आधी सांगितलेली आणि चार्टवर न मिळालेली बाई मला आठवते. आठ वर्षं रिसेप्शनवर होती. कुणाला लिफ्टजवळची खोली चालत नाही, कुणाच्या आईला गुडघ्यामुळे उंच पलंग लागतो, सगळं तिच्या डोक्यात. फॉर्मवर तिनेही 'वैयक्तिक'च लिहिलं.

हे दुखणं नवं नाही आणि उपायही अज्ञात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हॉटेल आणि रेस्टॉरंटमधल्या कामाच्या परिस्थितीवर वेगळा करार केला तो १९९१ साली, क्रमांक १७२. टिप कितीही मिळो, ठरलेलं मूळ वेतन नियमित मिळालंच पाहिजे. रोजची आणि आठवड्याची किमान विश्रांती हवी. शक्य तिथे कामाच्या वेळापत्रकाची आगाऊ कल्पना द्यावी, असं त्यात आहे. त्याच्या जोडीला आलेल्या १७९ क्रमांकाच्या शिफारशीत तर ब्रेक शिफ्ट हळूहळू बंद करत आणाव्यात असं स्पष्ट म्हटलंय. करार मोजक्याच देशांनी मान्य केला. मला हे निवृत्त झाल्यावर वाचायला मिळालं, याचं वाईट वाटतं.

करोनाचा उल्लेख बातमीत एका ओळीत होता. तो एका ओळीत उरकण्यासारखा नाही. २०२० मध्ये जगभरातले आंतरराष्ट्रीय पर्यटक आदल्या वर्षीच्या तुलनेत ७० टक्क्यांहून अधिक घटले आणि 'आपण एक कुटुंब आहोत' असं मुलाखतीत सांगणाऱ्या कितीतरी ठिकाणी कुटुंबातली माणसं एका ईमेलवर घरी बसली. ती गोदामांत गेली, कॉल सेंटरला गेली, इस्पितळांत गेली. तिथे त्यांना रविवार नावाचा वार असतो हे कळलं. परत कशाला येतील?

पैसे फेकले की माणसं येतात असंही नाही. म्हणजे येतात, थांबत नाहीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २०२२ च्या उन्हाळ्यात सुरक्षा तपासणीला माणसं कमी पडली आणि रांगा इमारतीबाहेर गेल्या. प्रवाशांच्या रोजच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यापुरते तासाला ५.२५ युरो जादा दिले. सप्टेंबरमध्ये ती रक्कम कमी झाली, रांगा पुन्हा लागल्या आणि विमानतळाच्या मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. न्यूयॉर्कमधल्या एका नामांकित रेस्टॉरंट समूहाने २०१५ पासून टिप बंद करून पदार्थांचे दर आणि पगार वाढवून पाहिले. हेतू चांगला होता, भटारखान्यातल्या माणसांना वाटा मिळावा म्हणून. पण वेटरांची कमाई घटली, जुने लोक निघून गेले आणि २०२० मध्ये टिप परत आली. पगाराचं गणित वाटतं तितकं सरळ नसतं, हे मी मालकांच्या बाजूनेही मान्य करते.

त्यापेक्षा मला स्पेनचं उदाहरण जास्त पटतं. तिथे २०२१ च्या अखेरीस कामगार कायदा बदलला. तात्पुरत्या कंत्राटांना लगाम घातला आणि हंगामी कामाला कायम पण खंडित अशा कराराकडे वळवलं. हंगाम संपला की काम थांबतं, करार मोडत नाही. पुढच्या हंगामाला मालकाने त्याच माणसांना बोलवायचं, आणि मधले रिकामे महिनेही ज्येष्ठतेत धरले जातात. आमच्याकडे दर हंगामाला जाहिरात, दर हंगामाला नवे चेहरे, दर हंगामाला मी 'आधी वास घ्या' पासून सुरुवात. मागच्या वर्षीची तयार मुलगी दारात उभी असली तरी तिची नियुक्ती नवी, पगार पहिल्या पायरीचा. हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं सगळे धरून चालतात.

त्याच स्पेनच्या बालेआरिक बेटांवर २०२२ मध्ये हॉटेलांनी वर उचलता येणारे पलंग बसवावेत असा नियम झाला. वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. गादी उचलून चादर खोचताना कंबर मोडते, हे हॉटेलातल्या कुणालाही ठाऊक असतं. पण कंबर ज्यांची मोडते त्यांना फर्निचरच्या बैठकीला बोलवत नाहीत. माझ्या दोन मणक्यांमधली फट आता डॉक्टर दाखवतात.

भरतीबद्दल मात्र एक गोष्ट मी स्वतः करून पाहिली आहे. उमेदवाराला घेण्याआधी एक पूर्ण शिफ्ट मजल्यावर सोबत ठेवायचं, त्या दिवसाचा मोबदला देऊन. मुलाखतीत 'मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं' असं सगळेच म्हणतात. मजल्यावर ओरडणारा पाहुणा, खरकट्या ताटांनी भरलेली ट्रॉली आणि बंद पडलेली लिफ्ट एकदा पाहिली की ज्याला जायचं तो त्याच दिवशी जातो. दहातले तीन-चार परत यायचे नाहीत. आलेले टिकायचे. वरून विचारणा झाली की तुम्ही उमेदवार पळवून लावता का. दुसऱ्या वर्षी हा प्रकार बंद झाला, कारण त्या मोबदल्याला कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरेना.

गाईडांविषयी बातमीत काहीच नव्हतं. त्यांना तर बहुधा रोजंदारीच, पाऊस पडला किंवा गट रद्द झाला की तीही नाही; वर चार भाषा आणि दोन हजार वर्षांचा इतिहास मुखोद्गत हवा.

मालकांचीही कोंडी आहे, नाही असं नाही. बुकिंग आदल्या रात्री येतं, वेबसाईटचं कमिशन वेगळं, आणि पाहुण्याला खोली स्वस्त हवी पण सेवा राजवाड्यातली. छोट्या हॉटेलवाल्याला ब्रेक शिफ्ट मोडायची तर दोन माणसं जास्त लागतात, ती कुठून आणायची हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण चार्ट दोन आठवडे आधी लावायला जादा माणूस लागत नाही. जुन्या मुलीला जुन्याच पगारावर परत घ्यायलाही नाही.

एक विनंती आहे. या विषयावर पुढची बातमी कराल तेव्हा वार्ताहराला लॉबीत पाठवू नका. दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या दाराने पाठवा, जिथून लिननची गाडी आत येते. ब्रेक शिफ्टची मुलं त्या वेळी जिन्यावरच बसलेली असतात. बोलतील ती. फक्त झोपलेल्याला उठवू नका म्हणावं.

आपली,
हाऊसकीपिंगमधून निवृत्त झालेली एक वाचक