गोळ्यांवरून रुग्ण मोजताना

महोदय,

तालुक्यात मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण किती, हे औषधवाटपाच्या नोंदींवरून काढता येते. शिबिरात एकदा मोजलेल्या रक्तदाबापेक्षा वर्षभर नेमाने नेलेली औषधे जास्त भरवशाची. पण महिन्याला किती गोळ्या गेल्या यावरून रुग्णसंख्या काढली, तर हिशेब फसतो.

समजा, आरोग्य केंद्रातून महिन्याला मधुमेहावरील मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या १२,००० गोळ्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणकात या औषधाची रोजची मात्रा २ ग्रॅम, म्हणजे चार गोळ्या. त्या हिशेबाने रुग्ण १००. तिथले रुग्ण प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेत असतील, तर तेच होतात २००. क्षयरोगाबाबत असेच झाले. २०१४ मधील खासगी औषधविक्रीवरून देशात खासगी उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णांचा अंदाज काढला, तेव्हा तो सुमारे १२ लाख ते ५३ लाख असा पसरला. उपचार किती महिने चालले आणि निदान किती जणांचे बरोबर होते, हे विक्रीच्या आकड्यांतून कळत नाही.

म्हणून नोंद माणसागणिक हवी. रुग्णाचा कायमचा क्रमांक, औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवसांचे दिले, एवढे चार रकाने पुरेत. वर्षात किमान दोनदा, महिन्याभराच्या अंतराने औषध नेले तरच तो दीर्घकालीन रुग्ण धरावा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या दोन औषधांची एकत्र गोळी घेणारा दोनदा मोजला जाऊ नये. नावावरून जुळवणी तर करूच नये. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते.

प्रत्येक औषध आजाराचे नाव सांगतेच असे नाही. लेव्होथायरॉक्सिन दिसले की थायरॉइडचा विकार बहुधा नक्की. नुसते मेटफॉर्मिन मात्र पीसीओडी या स्त्रियांच्या बीजाशयाच्या विकारासाठीही देतात आणि रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीसाठीही. अशा औषधांना केसपेपरवरील निदानाची जोड लागते.

सर्वांत मोठा घोटाळा साठा संपल्यावर होतो. रक्तदाबाचे टेल्मिसार्टन नसले की रुग्णाला बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते आणि वाटपाच्या नोंदीतून तो गळतो. कागदावर रक्तदाबाचे रुग्ण घटतात. त्या आकड्यावर पुढच्या वर्षीची मागणी बेतली, तर साठा आणखी लवकर संपतो. यासाठी दिलेल्या औषधाबरोबर लिहून दिलेले औषधही नोंदवले पाहिजे, आणि साठा नसलेले दिवस वेगळे दाखवले पाहिजेत. जिल्ह्याचा आकडा जाहीर करण्याआधी प्रत्येक केंद्रातले शंभर केसपेपर काढून नोंदींशी ताडून पाहावेत, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक औषधनिर्माण अधिकारी, सातारा जिल्हा