यळ्ळूरच्या माळावर एलेरॉन उलटा का गेला

टिळकवाडी, बेळगाव
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. माझी साखर ताब्यात आहे, हिचा गुडघा आहे तसाच आहे. पत्राचे कारण वेगळे आहे. गेल्या चार दिवसांत मी तीन वेळा तुझा नंबर लावला आणि पहिली रिंग जायच्या आत बंद केला. मला जे सांगायचे आहे ते तू मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायला हवेस, आणि ते तुला शाळेपासून कधी जमलेले नाही. म्हणून कागद घेतला.

मे २००९ मधल्या त्या रविवारी घार, आपले ते रेडिओने चालणारे छोटे विमान, पडली, त्यात तुझी चूक नव्हती. हे वाक्य आधी लिहून टाकतो. बाकीचे पत्र मला ते कसे कळले याचे आहे.

गणपतीच्या आधी माळा झाडायला म्हणून धाकटा वर चढला आणि ती काळी पेटी खाली घेऊन आला. त्याने ट्रान्समीटर, म्हणजे जमिनीवरून विमान चालवायचा आपला सेट, कधी पाहिलाच नव्हता. लांब अँटेना, मागे खोचलेला क्रिस्टल, दोन काठ्या. तो हातातून खाली ठेवीना. चालू करून दाखवा म्हणाला. मागचे झाकण काढले तर निकेल-कॅडमियमचे आठही सेल फुटून त्यांच्यावर पांढरट हिरवा क्षार चढलेला होता आणि तो तारेवरून प्लगपर्यंत पोचला होता. तो व्हिनेगर लावून साफ केला, सुकवला आणि ९.६ व्होल्टचा नवा पॅक जोडला. पडदा उजळला. मला खरोखर आनंद झाला, पण तो क्षणभरच टिकला, कारण वरच्या कोपऱ्यात घारीचे नाव नव्हते. ती चार इंग्रजी अक्षरे भरायला तू एक अख्खी संध्याकाळ घेतली होतीस. त्या जागी चार आडव्या रेघा होत्या.

त्या रेघा पाहिल्या आणि तुझा आवाज जसाच्या तसा कानात आला. वावरातली ढेकळे तुडवत आपण घारीपाशी पोचलो होतो, तात्या धापा टाकत मागून येत होते, मी तुझ्या हातातून सेट ओढून घेतला होता आणि तू म्हणाला होतास, "अरे, नाव दिसंना झालंय की रे." मी काय उत्तर दिले तेही मला आठवते. विषय बदलू नकोस, असे मी तुझ्यावर ओरडलो होतो.

आदल्या शनिवारी तू सेट चार्जिंगसाठी घरी नेला होतास, आणि तुझा ग्लायडर, ते बिनइंजिनाचे विमान, तेव्हा अर्धा तयार होता. तू रात्री त्याच्यासाठी सेटमधले आकडे, म्हणजे विमानाचा कोणता भाग किती आणि कुठे हलायचा ते ठरवणारे, बदलून पाहिलेस आणि परत करायला विसरलास, असे मी ठरवून टाकले. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची विमान कलवणारी पट्टी, आपण सेटवर रिव्हर्स, म्हणजे उलट दिशेचा, करून ठेवलेला होता, कारण ती पट्टी हलवणारी छोटी मोटर, तो सर्व्हो, उलट्या बाजूने बसला होता. पण त्या रविवारी पडद्यावर तो नॉर्मल दिसत होता. सुकाणू आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, मुळातच नॉर्मल होते, म्हणून माळावर विमान नाकासमोर धावले आणि सरळ उचलले गेले. डावा पंख किंचित खाली गेला, तू बरोबर उजवी काठी दिलीस, विमान आणखी डावीकडे लवंडले, तू आणखी उजवी दिलीस. राजहंसगडाकडे तोंड केलेले विमान आडवे होऊन भाताच्या रिकाम्या वावरात शिरेपर्यंत चार सेकंदही गेले नसतील. त्या चार सेकंदांत काठी उलटी द्यायला हवी हे कोणाला सुचले असते?

संध्याकाळी घरी येऊन मी सेटमधला प्रत्येक आकडा वहीत उतरवला होता. तू काय काय बिघडवलेस याचा पुरावा म्हणून. ते पान मागल्या आठवड्यात काढले. एलिव्हेटरची चाल आपण एका बाजूला ७२ आणि दुसऱ्या बाजूला ६८ ठेवली होती. त्या पानावर १०० आणि १००. एलेरॉनची चाल १००. ड्युअल रेट, म्हणजे काठीचा परिणाम कमी करायचा आकडा, १००. एक्स्पोनेन्शियल, म्हणजे काठी मधल्या भागात मऊ करायचा आकडा, शून्य. सगळे चॅनेल नॉर्मल. नाव: चार रेघा. मी तेव्हा प्रत्येक ओळीपुढे लाल शाईने फुली मारली आणि एकूण अकरा बदल मोजले. अकरा ओळींत शून्य आणि शंभर याखेरीज एकही आकडा नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसले आणि डोक्याला दिसले नाही. ग्लायडरसाठी आकडे बसवणारा माणूस सगळीकडे १०० कशाला ठेवील, आणि नाव कशाला पुसील? ते आकडे कोणीच भरलेले नव्हते. सेट कारखान्यातून निघतो त्या अवस्थेत परत गेला होता.

खात्री करायला मी सेटचे सहा स्क्रू काढले. मुख्य बोर्डच्या कडेला एक बटन सेल डाख देऊन बसवलेला आहे, मोटारीच्या रिमोटमध्ये असतो तोच सीआर २०३२, फक्त त्याला दोन पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या. आपण सेट बंद केला की मोठी बॅटरी बाजूला होते आणि आकडे सांभाळण्याचे काम हा एकटा सेल करतो. नवा असताना तो ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, आणि अशा चिपला आकडे धरून ठेवायला साधारण २ व्होल्ट तरी लागतात. मीटर लावला तर ०.९ आला.

आजचा ०.९ हा २००९ चा पुरावा होत नाही, हे मला कळते; तू वकिली केली असतीस तर हेच म्हणाला असतास. म्हणून मी हिशेब केला. नवा सेल घालून त्याच्या वाटेत दहा हजार ओहमचा रेझिस्टर ठेवला आणि सेट बंद असताना त्याच्यावरचा विद्युतदाब मोजला. २० मिलिव्होल्ट आले, म्हणजे चिप २ मायक्रोअँपिअर ओढते. या सेलची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. भागून पाहा: एक लाख दहा हजार तास. साडेबारा वर्षे. सेट आपण १९९६ च्या दिवाळीनंतर वर्गणी काढून घेतला होता. त्यात साडेबारा वर्षे मिळवली की उन्हाळा २००९ येतो. आणि लिथियमचा सेल हळूहळू उतरत नाही. आयुष्यभर तो जवळजवळ त्याच व्होल्टेजवर उभा राहतो आणि संपायला आला की एकाएकी खाली येतो. मागच्या रविवारी विमान नीट उडाले होते म्हणजे सेट ठीक होता, हे माझे त्या वेळचे सगळ्यात मोठे म्हणणे होते. ते म्हणणे तिथेच संपले.

तरी मन मानेना. मग मी वहीच्या पहिल्या पानावरून आपले सगळे आकडे पुन्हा भरले, घारीचे नावही घातले, सेट बंद केला आणि मुद्दाम नवा सेल काढून घेतला. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पूजेच्याही आधी चालू केला आणि वही शेजारी धरून एकेक ओळ ताडून पाहिली. अकराच्या अकरा ओळी त्या लाल फुल्यांच्या पानाशी जुळल्या. चार रेघांसकट.

सेल बसवण्याचे काम मी घाई न करता केले. गणपत गल्लीत सेल लगेच मिळाला, पण पट्टीवाला नव्हता, आणि नुसत्या सेलवर डाख द्यायचा नाही, तो तापला तर आतून खराब होतो किंवा फुटतो. पट्ट्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने लावतात. म्हणून उद्यमबागेतल्या आपल्या नेहमीच्या दुकानातून सेलचे घर आणले, जुना सेल पट्ट्यांसकट सोडवला आणि बोर्डवर दोन तारा जोडल्या. मोठी बॅटरी काढून ठेवली होती. कानशीसारखे टोक केलेले तात्यांचे ते सोल्डरिंग आयर्न तापवायचे, प्लग काढायचा आणि मगच टेकवायचे, म्हणजे विजेची गळती चिपपर्यंत जात नाही. सेलच्या रिकाम्या घरात मीटर लावून, सेट चालू असताना बोर्डकडून सेलमध्ये उलटा प्रवाह येत नाही ना, तेही पाहिले, कारण हा सेल चार्ज होणारा नव्हे. मग अधिक बाजू वर ठेवून सेल सरकवला. टक् असा बारीक आवाज आला. पंधरा वर्षांचे भांडण ज्याने लावले त्याची किंमत पन्नास रुपयेही नव्हती.

पण सगळे सेलवर ढकलून मी मोकळा होत नाही. तू सेट धरायचास आणि मी शेपटीपाशी बसायचो, हा आपला ठरलेला क्रम होता. तू उजवी काठी द्यायचास, मी पाहायचो आणि "उजवा वर" असे ओरडायचो, मगच विमान सुटायचे. त्या दिवशी कडोलीच्या बाजूने वळवाचा ढग चढत होता, इंजिन तापले होते, आणि मी पाहिलेच नाही. पाहिले असते तर उजवा एलेरॉन खाली जाताना दिसला असता, आणि बटन सेल संपला काय किंवा तू आकडे बदलले असतेस काय, घार जमिनीवरच राहिली असती. ही गोष्ट मला त्या रात्रीही माहीत होती. मी तिच्यावर तुझे नाव ठेवले.

तू त्यानंतर सेटला हात लावला नाहीस. ग्लायडरचे पंख कोणाला देऊन टाकलेस तेही सांगितले नाहीस. आपण बोलत राहिलो, लग्नकार्यांत भेटलो, डिंक फेविकॉल की अ‍ॅराल्डाइट यावर पुन्हा तासभर भांडलोही, पण माळाचा विषय निघाला की तू चहा सांगायला उठायचास. मिथेनॉल आणि एरंडेल यांचे ते इंधन तुझ्या पिशवीत सांडले आणि वहिनींच्या रुखवतातल्या शालूला वास लागला, तेव्हा त्यांनी तुला दोन दिवस ओसरीवर जेवायला वाढले होते. ती गोष्ट तू कोणालाही रंगवून सांगायचास. २००९ नंतर तीही सांगेनासा झालास. हे माझ्या लक्षात आले होते.

तात्यांना हे कळायला हवे होते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्या पानाखाली "पाहिले" असे लिहून सही केली, आणि तसेच गेले. त्यांनी सुरीने कापलेल्या बाल्साच्या फासळ्यांपैकी नऊ शाबूत आहेत. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या.

तुझी बदली झाली का? मुलीचे शेवटचे वर्ष ना हे? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या डोळ्यांचे काय झाले ते कळव. कुंदा पाठवतो आहे. मागच्या वेळचा खूप गोड होता म्हणालास, म्हणून या खेपेस दुसरीकडून घेतला.

ते लाल फुल्यांचे पान या पत्रासोबत ठेवले आहे. माझ्याकडे त्याची प्रत नाही आणि मला नको आहे. जुना सेलही कागदात गुंडाळून दिला आहे, पट्ट्यांसकट. सेट टेबलावर आहे, तीन रात्री बंद ठेवून तपासला, आकडे जागेवर आहेत, नावही आहे. काल रिसीव्हर आणि तो एलेरॉनचा सर्व्हो जोडून पाहिला. धाकटा सर्व्होपाशी बसला होता, मी उजवी काठी दिली आणि तो ओरडला, "उजवा वर!"

दिवाळीत ये. वळीव तेव्हा नसतो.

तुझा,
आयुष्यभराचा मित्र