कडी सापडली तर कळवायचे कुणाला?

महोदय,

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षीगणनेची बातमी वाचली. थापटे किती, तलवार बदके किती, हे कळले. ती आली कुठून, हे मोजून कळत नाही. ते कळते अभ्यासकांनी पायात घातलेल्या, क्रमांकाच्या कडीवरून. आणि आमच्याकडे आबाळ होते ती कडीचीच.

आमच्या शेजारी मासेमारी करणारे एक भाऊ आहेत. परवा त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अ‍ॅल्युमिनियमची कडी दिसली. तीन वर्षांपूर्वी जाळ्यात गुदमरून मेलेल्या बदकाच्या पायातली. ‘कळवलं का नाही?’ म्हटले, तर म्हणाले, ‘कुणाला? अन् साहेब म्हणाले तूच मारलंस, मग?’ भीती अगदीच खोटी नाही. १९७२चा वन्यजीव कायदा त्यांनाही ऐकून माहीत आहे. शिवाय कडीवर क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असा मजकूर आहे खरा, पण इंग्रजीत! भाऊंची शाळा चौथीत सुटली.

याच सोसायटीसाठी १९२६ साली धार संस्थानात, म्हणजे पवारांच्या राज्यात, बदकांना कड्या घातल्या गेल्या. आता पाठीवर ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर बसवतात. हिमालय ओलांडताना चक्रवाक ६,८०० मीटरपर्यंत चढतो, हे त्यामुळेच समजले. (रात्रभर नदीकाठी विरहाने रडणारा कवींचा चक्रवाक तो हाच!) पण ते यंत्र महाग, आणि जेमतेम साडेतीनशे ग्रॅमच्या भुवई बदकावर ओझेही बेताचेच लादता येते. कडी स्वस्त. तिला फक्त वाचणारा लागतो, आणि तो दुर्बीणवाला पक्षिमित्रच असेल असे नाही. कोळी असतो, गुराखी असतो.

तेव्हा वनखात्याने धरणाकाठच्या गावांत मराठीत फलक लावावेत: मेलेला पक्षी उचलू नका, कडीचा क्रमांक, जागा आणि तारीख अमुक फोनवर कळवा, कळवणाऱ्याला त्रास होणार नाही. हे शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत हवे. आपणही हिवाळाभर अंकात एवढी चौकट छापावी.

भाऊंच्या कडीवरचे आकडे किल्ल्यांनी घासून पुसट झालेत. कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली, तेव्हा उमटले. शेवटचा ३ की ८, यावर आमचे एकमत होईना. दोन्ही लिहून पाठवले आहेत.

– एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक