टेगर्नझेच्या गाडीतल्या आजींना

म्युनिकला शिकायला आल्यानंतरचा माझा दुसराच शनिवार. टेगर्नझे तळ्याकाठी दिवसभर हिंडायचं म्हणून एकटाच निघालो. गाडी वाटेत तुटते, हे मला ठाऊकच नव्हतं! होल्झकिर्शेनला एक भाग बायरिशत्सेलकडे जातो. पुढे शाफ्टलाखला उरलेल्या गाडीचे दोन होतात, एक लेंगग्रीसला, दुसरा टेगर्नझेला. मी डबा निवडला होता तो मोकळी खिडकी बघून.

समोरच्या आजींनी माझ्या हातातला नकाशा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. शाफ्टलाख येताच माझी बाही धरून मला फलाटावरून दुसऱ्या डब्यापर्यंत नेलं आणि परत आपल्या डब्याकडे धावल्या. त्या वयात! माझं जर्मन तेव्हा 'डांके', म्हणजे 'धन्यवाद', एवढ्यापुरतंच होतं, तेही घाईत राहून गेलं.

संध्याकाळी परतताना पावसात छत्रीत घेणारं एक जोडपं भेटलं, त्यांचेही आभार. पण मनात राहिल्या त्या आजीच. आता चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचतो. नवीन आलेल्यांनाही वाचायला लावतो.

आजी, उशीर झाला खरा. डांके.